पाणीदार पोलाद

शूर आणि तेजस्वी मनुष्याला मराठीत 'पाणीदार' म्हणण्याचा प्रघात आहे. हेच विशेषण मोत्याला लावतात, डोळ्यांना लावतात, तसेच तलवारीलाही लावतात. तलवारीच्या बाबतीत मात्र त्याला एक विशेष अर्थ आहे. तापून लाल झालेले पाते लोहार एकाएकी पाण्यात बुडवितो व त्याला कठीणपणा आणतो. या क्रियेस 'पाणी देणे' असे म्हणतात. 'एकाच मुशीतून निघणे', 'प्रश्न ऐरणीवर येणे', 'एका म्यानात दोन तलवारी न राहणे' हे वाक्प्रचारही असेच लोहाराच्या भट्टीपासून आणि सैनिकाच्या कमरेपासून भाषेत आलेले आहेत. तलवारीचे युग संपले, परंतु तिने दिलेले शब्द अजून बोलण्यात आहेत. ज्या विद्येने हे शब्द दिले ती विद्या काय होती आणि तिचे पुढे काय झाले, हे जाणण्यासारखे आहे.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेकडे वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. तेथे १९८५ साली बजाज कंपनीचा वाहनांचा कारखाना सुरू झाला. या वसाहतीतील बजाजनगर ही कामगारांची मोठी वस्ती होय. वाहनांच्या गिअरची दातेरी चाके तयार करणाऱ्या कारागिरांपुढे एक अवघड प्रश्न नेहमी उभा असतो. चाकाचे दात झिजू नयेत म्हणून ते अतिशय कठीण हवेत. परंतु चाक आतूनही तितकेच कठीण झाले, तर एखाद्या धक्क्यासरशी ते काचेसारखे तडकेल. म्हणून चाक आतून चिवट आणि बाहेरून कठीण करावे लागते. त्यासाठी ते ठरावीक उष्णतेपर्यंत तापवितात, त्याच्या पृष्ठभागात कर्ब मुरवितात आणि मग ते तेलात बुडवून झटकन निववितात. आज उष्णता मोजण्यास अचूक यंत्रे आहेत. बजाजनगराच्या उत्तरेस काही कोसांवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. त्या किल्ल्यावर ज्या काळी पहारे होते, त्या काळच्या लोहारापुढेही हाच प्रश्न होता. त्याच्यापाशी मात्र यंत्र नव्हते. त्याची उष्णतामापक यंत्रे म्हणजे त्याचे डोळे.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी प्रथम लोखंड व पोलाद यांतील भेद जाणला पाहिजे. पोलाद म्हणजे कर्ब शोषलेले लोखंड. लाकडाच्या कोळशात जे द्रव्य मुख्यत्वे असते, तेच हे कर्ब. ज्या लोखंडात कर्ब जवळजवळ नसतो, ते मऊ व चिवट असते. ते वाकते, पण त्याची धार टिकत नाही. शेकडा दोन भागांहून अधिक कर्ब असला, म्हणजे ते बिडाचे लोखंड होते. ते कठीण असते खरे, पण घणाखाली ठेवले की फुटते. या दोन टोकांच्या मध्ये पोलादाचे स्थान आहे. कर्बाचे प्रमाण किंचित कमी झाले तर धार बोथट होते, आणि किंचित अधिक झाले तर पाते ठिसूळ होते. रणांगणावर या दोन्ही दोषांचे फळ एकच असे. ज्याची तलवार वाकली अथवा मोडली, त्याचे प्राण संकटात सापडत. म्हणूनच उत्तम पोलाद करणाऱ्या लोहाराला राजेरजवाड्यांच्या दरबारात मोल होते.

दक्षिण हिंदुस्थानातील कारागिरांनी हा प्रश्न फार प्राचीन काळीच एका चतुर युक्तीने सोडविला होता. शुद्ध लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेल्सियस इतकी उष्णता लागते. हाताच्या भात्याने पेटविलेल्या भट्टीत इतकी उष्णता आणणे जवळजवळ अशक्य असे. परंतु लोखंडाने कर्ब शोषला, म्हणजे ते त्याहून कमी उष्णतेवर वितळू लागते. हे गुपित त्या कारागिरांना अनुभवाने उमगले होते. लोखंडाचे तुकडे ते मातीच्या लहान मुशीत घालीत. त्यांत वनस्पतींचे लाकूड व पाने टाकीत आणि मुशीचे तोंड ओल्या मातीने घट्ट लिंपून टाकीत. काही ठिकाणी त्यासाठी तरवडाचे वाळलेले लाकूड आणि रुईची पाने वापरीत. मराठवाड्याच्या माळरानावर सहज उगवणारी ही झुडपे. पण मुशीच्या पोटात त्यांचा कोळसा होई आणि तोच कोळसा लोखंडाला कर्ब पुरवी. अशा अनेक मुशी भट्टीत रचून भाते अखंड चालवीत. नंतर मुशी सावकाश निवू देत. मूस फोडली, म्हणजे आतून मुठीएवढा पोलादाचा गोळा बाहेर येई. त्यात कर्बाचे प्रमाण बहुधा शेकडा एक ते दोन भागांच्या दरम्यान असे.

या उद्योगाचे एक नामांकित केंद्र कोनासमुद्रम हे होते. हे गाव तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात आहे आणि तो जिल्हा महाराष्ट्राच्या नांदेड जिल्ह्याला लागून आहे. १९५६ सालापर्यंत मराठवाडा व निजामाबाद हे दोन्ही प्रदेश हैदराबाद राज्यातच मोडत. हेन्री वॉयसी नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोनासमुद्रमला जाऊन तेथील काम पाहिले. त्याचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली प्रसिद्ध झाले. तेथील कारागीर दोन निरनिराळ्या ठिकाणचे लोखंड एकत्र करीत आणि भट्टी अहोरात्र पेटती ठेवीत. तयार झालेले गोळे पुन्हा कित्येक तास मंद तापवून ते घणाखाली टिकतील असे करीत. हे पोलाद विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी इतक्या दूर येत व माल तयार होईपर्यंत तेथे मुक्काम करीत. इराण व पश्चिम आशियातील लोहार त्या गोळ्यांपासून तलवारी घडवीत. युरोपातील लोक त्यांना दमास्कसच्या तलवारी म्हणू लागले. नाव दमास्कस शहराचे झाले, परंतु अशा कित्येक पात्यांच्या पोटातील पोलाद दक्षिण हिंदुस्थानातून गेलेले होते.

गोळा मिळाला म्हणजे तलवार झाली असे मात्र नव्हे. खरी कसोटी ऐरणीवर लागे. हे पोलाद अतिशय हट्टी होते. साधे लोखंड पांढरे होईपर्यंत तापविले तरी चालते. हे पोलाद तसे तापविले, तर पहिल्याच घावाला त्याचा चुरा होई. ते लालसर असतानाच हलक्या हाताने ठोकावे लागे, आणि रंग काळवंडला की पुन्हा भट्टीत घालावे लागे. असे कितीतरी वेळा केल्यावर त्या गोळ्याचे लांब पाते होई. पात्याला धार काढून व घासूनपुसून त्यावर सौम्य आम्ल लावले, म्हणजे एक आश्चर्य दृष्टीस पडे. काळसर पृष्ठभागावर फिकट रेषांची एक नक्षी उमटे. ती कधी वाहत्या पाण्यासारखी, कधी लाकडाच्या रेषांसारखी, तर कधी शिडीच्या पायऱ्यांसारखी दिसे. या नक्षीला 'जौहर' असे नाव आहे. ती वरून रंगविलेली अगर कोरलेली नसते. पोलाद सावकाश निवताना व पुढे ठोकले जाताना त्यातील कर्बयुक्त कठीण कण ओळींनी मांडले जातात, त्यांचाच तो आविष्कार होय. १९९८ साली अमेरिकेतील व्हर्होवेन व पेंड्रे यांनी दाखवून दिले, की या ओळी जमण्यास व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश कारणीभूत असतो आणि तो ठरावीक खाणींच्या लोखंडातच आढळतो. अमुक ठिकाणचेच लोखंड हवे, हा जुन्या कारागिरांचा आग्रह व्यर्थ नव्हता, हे यावरून दिसते.

या पोलादाची कीर्ती विलायतेसही पोहोचली. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला पाठविले. तेथे जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली त्यांवर रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला. पुढे विजेच्या शोधांमुळे जगप्रसिद्ध झालेले मायकेल फॅरेडे यांनीही १८१९ च्या सुमारास या पोलादावर पुष्कळ प्रयोग केले. पंडितांनी या पोलादाला 'वुट्झ' म्हटले. हा शब्द 'उक्कु' या कन्नड शब्दाचे बिघडलेले रूप मानला जातो.

महाराष्ट्रातील शस्त्रांकडे वळले असता तलवारींचे अनेक प्रकार आढळतात. वक्र पात्याची तलवार, सरळ व लांब धोप, रुंद पात्याचा खंडा, आणि कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या पोलादी खोबणीचा पट्टा हे त्यांपैकी प्रमुख होत. तलवारीच्या मुठीला बोटांच्या रक्षणासाठी जी वळलेली पट्टी असते, तिला परज म्हणतात. यांखेरीज 'फिरंग' नावाचा एक प्रकार मराठ्यांमध्ये फार लोकप्रिय होता. युरोपातून समुद्रमार्गे आलेले सरळ पाते घेऊन त्याला येथील कारागीर येथल्या पद्धतीची भक्कम मूठ बसवीत, तीच फिरंग. परदेशी वस्तूंतील गुण पारखून ती आपल्या गरजेप्रमाणे घडवून घेण्याची ही रीत होती. करवीरचे चौथे शिवाजी महाराज यांनी १८७५–७६ च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजाला भेट दिलेली व आज तेथील राजसंग्रहात असलेली रत्नजडित मुठीची तलवारही युरोपीय पात्याचीच आहे.

अशा एका फिरंगेची हकीकत अलीकडचीच आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथे लिलावास निघाली. महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईस आणण्यात आली. तिच्यासाठी ४७ लाख रुपयांहून अधिक खर्च झाला. हिचे पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे असून मूठ मुल्हेरी घाटाची आहे. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्यात देवनागरी अक्षरे उमटविली आहेत. त्यांत रघूजींचे नाव, छत्रपतींकडून त्यांना मिळालेली 'सेनासाहेबसुभा' ही पदवी आणि 'फिरंग' हा शब्द आहे. सरदारांच्या शस्त्रांवर धन्याचे नाव क्वचितच सापडते. ते एक नाव उरले म्हणून या पोलादाच्या पट्टीला इतिहासाच्या पुराव्याचे मोल आले. ती अक्षरे कोणी घासून टाकली असती, तर ही तलवार इतर हजारो तलवारींत नाहीशी झाली असती.

तलवारीची कला परमोत्कर्षास नेणारा दुसरा देश म्हणजे जपान. तेथील लोहारांनी चिवट पाठ आणि कठीण धार यांचा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडविला. नदीकाठची लोहयुक्त काळी वाळू आणि लाकडाचा कोळसा यांचे थर मातीच्या मोठ्या भट्टीत तीन दिवस व तीन रात्री जाळून ते पोलाद मिळवितात. या भट्टीला 'तातारा' म्हणतात. मिळालेले पोलाद तापवून, दुमडून पुन्हा ठोकतात. एका घडीने दोन पदर, दोन घड्यांनी चार, याप्रमाणे दहा घड्यांत १०२४ पदर होतात. अशा घड्यांनी त्यातील मळ निघून जातो व कर्ब सर्वत्र सारखा पसरतो. पुढची युक्ती अधिकच मनोहर आहे. पाणी देण्यापूर्वी लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड आणि धारेवर पातळ लेप देतो. पाते तापवून पाण्यात बुडविले, की पातळ लेपाखालची धार झटकन निवून कठीण होते आणि जाड लेपाखालची पाठ सावकाश निवून चिवट राहते. त्याच क्षणी सरळ पात्याला बाक येतो. पुढे निपुण पॉलिशवाला निरनिराळ्या दगडांनी ते पाते टप्प्याटप्प्याने घासतो, तेव्हा कठीण व चिवट भागांच्या सीमेवर ढगांच्या कडेसारखी एक शुभ्र रेषा प्रकट होते. तिला 'हामोन' म्हणतात. इसवी सन १३०० च्या सुमारास होऊन गेलेल्या मासामुने या लोहाराचे नाव अशा पात्यांसाठी आजही आदराने घेतले जाते.

जुनी तलवार कशी पाहावी, याचेही एक शास्त्र आहे. अजाण मनुष्य प्रथम मुठीवरील सोने व रत्ने पाहतो. जाणकार प्रथम पात्याचा बाक, रुंदी व तोल पाहतो. नंतर तो पाते उजेडात तिरपे धरून पोलादाची नक्षी न्याहाळतो. नकली जौहर वरवर उमटविलेला असतो, तो घासला की नाहीसा होतो. खरा जौहर पात्याच्या अंगचाच असल्याने घासून आम्ल लावले की पुन्हा प्रकट होतो. मग तो लेख वाचतो, परंतु केवळ नाव पाहून भुलत नाही. इस्फहानच्या असदुल्ला या लोहाराचे नाव इतके गाजले होते, की सुमारे दोनशे वर्षांच्या अवधीतील पात्यांवर ते कोरलेले आढळते. एका माणसाला इतके आयुष्य लाभणे शक्य नाही! जपानी तलवारीत लोहाराची सही मुठीत दडलेल्या भागावर असते. त्या भागावर चढलेला गंज तेथील लोक कधीही काढीत नाहीत; कारण गंजाच्या रंगावरून व पोतावरून पात्याचे वय ताडता येते. पाहणारा पात्याला बोटही लावीत नाही, कारण बोटांच्या घामानेही पोलादावर डाग पडतो. पूर्वी हे सर्व जाणणारे व शस्त्रांना झिलई देणारे शिकलगार महाराष्ट्रातही होते. आज मात्र एखाद्या जुन्या वाड्यात तलवार सापडली, की ती विटेच्या भुकटीने अथवा वाळूने घासून लखलखीत करण्याचा मोह पुष्कळांना होतो. अशा घासण्याने गंजाबरोबर जौहरही दिसेनासा होतो, सोन्याची अक्षरेही जातात, आणि शेकडो वर्षे जपलेला पुरावा तासाभरात नष्ट होतो. अशी वस्तू सापडली असता ती जशीच्या तशी ठेवून पुराणवस्तू जाणणाऱ्यांना दाखविणे, हेच शहाणपणाचे होय.

दख्खनच्या पोलादाची विद्या पुढे लोप पावली. बंदुका व तोफा आल्यावर तलवारीचे महत्त्व घटले. विलायतेच्या कारखान्यांतून स्वस्त पोलाद येऊ लागले. कोळशासाठी लागणारे लाकूड महाग झाले. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने लोकांनी शस्त्रे बाळगण्यावर कडक निर्बंध आले. गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा एकामागून एक भट्ट्या विझल्या. ही विद्या बापाने मुलाला आणि गुरूने शिष्याला हाताशी धरून शिकविलेली होती. ती ग्रंथांत फारशी नव्हती. भात्याचा वेग किती असावा, लाल रंग कोणता समजावा, मूस केव्हा उतरवावी, हे ज्यांच्या हातांना ठाऊक होते ते हात गेले आणि त्यांच्याबरोबर विद्याही गेली. पुढे त्याच पोलादाचे रहस्य उकलण्यासाठी शास्त्रज्ञांना प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे खपावे लागले.

जपानातही हा प्रसंग आला होता. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपल्यावर तेथील तातारा बंद पडल्या आणि असंख्य तलवारी जप्त झाल्या. परंतु ही शस्त्रे नव्हेत, कलाकृती आहेत, असे जाणणारे लोक तेथे पुढे सरसावले. १९४८ साली जुन्या तलवारींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. जुने भट्टीकार अजून हयात होते, त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९७७ साली शिमाने प्रांतात तातारा पुन्हा पेटविण्यात आली. दर हिवाळ्यात ती आजही पेटते आणि तिच्यातील पोलाद देशभरच्या लोहारांना पुरविले जाते. दोन्ही देशांतील कारागीर सारखेच कुशल होते. भेद इतकाच, की एका ठिकाणी शेवटचे जाणकार जिवंत असताना त्यांना कोणीतरी विचारले आणि दुसऱ्या ठिकाणी ते विचारणे राहून गेले.

छत्रपती संभाजीनगर येथील छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे मांडलेली आहेत. तेथील तलवारी पाहताना लढाया व पराक्रम आठवणे साहजिक आहे. त्याबरोबरच, भट्टीच्या झळीत उभा राहून पोलादाचा रंग न्याहाळणाऱ्या त्या अनाम लोहाराचीही आठवण ठेवली पाहिजे. त्याची तलवार आता कोणाला उगारावयाची नाही. परंतु गावोगावच्या कुंभारापाशी, विणकरापाशी, तांबटापाशी जी हाताची विद्या आज जिवंत आहे, ती त्यांच्याबरोबर लोपू द्यावयाची की शिकून व लिहून ठेवावयाची, हे मात्र नव्या पिढीच्याच हाती आहे.

शब्दार्थ
मूस – धातू वितळविण्याचे मातीचे पात्र. भाता – भट्टीत वारा घालण्याचे साधन. ऐरण – ज्यावर ठेवून लोखंड ठोकतात तो लोखंडी ठोकळा. जौहर – पोलादाच्या अंगची नक्षी. झिलई – चकाकी. परमोत्कर्ष – सर्वांत मोठी उन्नती.

स्वाध्याय
१. मुशीत लाकूड व पाने का घालीत असत?
२. गिअरचे दातेरी चाक व तलवारीचे पाते यांत कोणते साम्य आहे?
३. रघूजी भोसले यांच्या तलवारीला इतिहासाच्या पुराव्याचे मोल का आले?
४. जुनी तलवार घासून लखलखीत करणे अयोग्य का आहे?
५. आपल्या गावातील एखाद्या वृद्ध कारागिराला भेटा. त्याच्या कामाची रीत विचारून घ्या आणि ती दहा-बारा ओळींत लिहा.